दरवाजाही न परवडणाऱ्याच्या अपेक्षा

भाऊ,

(टोपणनावाने लिहिल्यामुळे तुम्ही काका आहात की पुतणे, कळायला मार्ग नाही. भाऊ म्हणतो, नाशकात ते कोणालाही चालून जातं.)

मर्सिडीजच्या पुढच्या पिढीच्या एस-क्लासकडून मी या ब्लॉगवरच्या लेखात ज्या अपेक्षा मांडल्या त्यावर तुम्ही प्रतिक्रियेत बरंच झोडपलंत. इतरांसाठी त्याचा गोषवारा देतो. एक, ज्या गाडीचा दरवाजाही आपल्याला परवडणार नाही तिच्याकडून अपेक्षा ठेवणं म्हणजे फुकटची पाटीलकी. दोन, गाडीवेड्यांची रडगाणी कायम तीच : बटणं परत आणा, इंजिन मोठं ठेवा, ग्रिल लहान करा. बीएमडब्ल्यूच्या २००१ च्या सेव्हन सिरीजलाही अशीच नावं ठेवली गेली, तरी ती धडाक्यात खपली. तीन, ‘एअरबॅग जगात पहिल्यांदा एस-क्लासने आणली’ हे माझं वाक्य साफ चूक.

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण तिथे मी आडवा झालोय. जनरल मोटर्सने १९७० च्या दशकातच ओल्ड्समोबिल, ब्युइक, कॅडिलॅकमध्ये एअरबॅग विकल्या होत्या. गिऱ्हाईक फिरकलं नाही आणि १९७६ नंतर त्यांनी तो नाद सोडला. मर्सिडीजने त्या वेळच्या एस-क्लासमध्ये (कंपनीच्या भाषेत डब्ल्यू १२६, प्रत्येक पिढीला असा आकडा असतो) १९८१ च्या सुमारास ती दिली, ती सीटबेल्टला पर्याय म्हणून नाही तर जोडीदार म्हणून, आणि नंतर कधी मागे घेतली नाही. लेखात ‘पहिल्यांदा’ खोडून ‘कायमची’ केलंय. आभार.

आता ऐपतीचं. भाऊ, माझी गाडी साधी हॅचबॅक आहे, २०१९ ची. मागच्या पावसाळ्यात द्वारका चौकाच्या अलीकडे एक दुचाकीवाला काही न बघता आडवा आला. मी ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो. पायाखाली ते पेडल थरथरलं, स्टिअरिंग हातात राहिलं, गाडी वळवता आली आणि तो पोरगा माझ्याकडेच रागाने बघत निघून गेला. ती पायाखालची थरथर म्हणजे एबीएस, जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा. बॉश आणि मर्सिडीजने मिळून ती इलेक्ट्रॉनिक पद्धत १९७८ साली एस-क्लासमध्ये आणली, तेव्हा जादा पैसे मोजून घ्यावी लागायची. (आधी अमेरिकेत असे प्रयोग झाले होते, माहीत आहे. पुन्हा पकडू नका.) आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला ती सक्तीची झाली एप्रिल २०१९ मध्ये. एकेचाळीस वर्षं लागली, पण आली. सातपूरच्या ज्या बॉशला आपण अजून मायको म्हणतो, तिथून माझे काका रिटायर झाले. त्यांचं काम डिझेलच्या नोझलचं, पण ‘आमच्या कंपनीचा ब्रेक’ म्हणून ते आजही कॉलर ताठ करतात.

म्हणून कंपनीच्या मानाच्या गाडीकडे मी गिऱ्हाईक म्हणून बघतच नाही. मी तिचा खालच्या अंगाचा शेतकरी आहे. धरण वर गंगापूरला असतं, पाणी पुढे निफाडच्या मळ्यात लागतं. वर काय साठवताय हे विचारायला धरण विकत घ्यावं लागत नाही.

आणि माझी खरी तक्रार इथे सुरू होते. आधीच्या पिढ्यांत वर साठायचं ते महाग आणि अवघड असायचं. एबीएस, एअरबॅग, १९९५ मध्ये एस-क्लास कूपेतून आलेलं, घसरणारी गाडी सावरणारं ईएसपी. आता उलटं झालंय. २०२० च्या एस-क्लासची, म्हणजे डब्ल्यू २२३ ची, मोठी जाहिरात कशाची झाली? १२.८ इंची पडद्याची, आणि आधीच्या पिढीपेक्षा २७ बटणं कमी केल्याची. आज दहा-बारा लाखांच्या गाडीतही सव्वादहा इंची पडदा मिळतो. वीस बटणांचे साचे, वायरी आणि जोडणी यापेक्षा एक पडदा कंपनीला स्वस्त पडतो, म्हणून तर तो सगळीकडे आहे. म्हणजे स्वस्त गाडीची काटकसर वर चढून दीड कोटीच्या पुढच्या गाडीत शान म्हणून बसली. त्याच गाडीत मागच्या प्रवाशांसाठी समोरून उघडणारी एअरबॅग आहे, मागची चाकं दहा अंशांपर्यंत वळतात आणि त्यामुळे ती सव्वापाच मीटरची गाडी ११ मीटरच्या आत फिरते. ही खरी मानाच्या गाडीची कामं. त्यांच्याबद्दल कोण बोलतं? सगळे पडद्यावरचे रंगीत दिवे दाखवतात.

बटणांना तुम्ही रडगाणं म्हणालात, म्हणून एक प्रसंग सांगतो. ओळखीच्या एका द्राक्ष बागायतदारांच्या आलिशान गाडीतून मुंबईला निघालो होतो. कंपनीचं नाव घेत नाही, मालक हा ब्लॉग वाचतात. जुलैचा पाऊस, एकाला कसाऱ्याला सोडायचं म्हणून समृद्धी टाळून जुन्या घाटाने उतरत होतो. धुकं आत आल्यासारखी पुढची काच पांढरी झाली. मालक मागून म्हणाले, “अरे, ते पंख्याचं चित्र दाब.” ड्रायव्हरदादा म्हणाले, “साहेब, तिथं फोन आलाय.” फोन कापला तर नकाशा आला, नकाशा सरकवला तर गाणी. समोर ट्रेलरचे लाल दिवे. शेवटी दादांनी डाव्या हाताने फडकं घेतलं आणि काच पुसत पुसत आम्ही वळण घेतलं. ती गाडी मागच्या सीटवर मालीश करत होती, हेही नमूद करतो.

आणि हे रडगाणं मी एकटाच गात नाही. गाड्यांच्या सुरक्षेला गुण देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपातल्या संस्थेच्या २०२६ पासूनच्या नियमांत इंडिकेटर, हॅझर्ड, हॉर्न, वायपर आणि इमर्जन्सी कॉल यांना हाताला लागणारी वेगळी कळ नसेल तर पूर्ण गुण नाहीत. काचेवरचा ब्लोअर त्या यादीत नाही. ती यादी करणारे कसारा उतरलेले नसावेत.

टायरबद्दल मी लिहिलं होतं त्याकडे तुम्ही बघितलंच नाही, आणि मला तो मुद्दा सगळ्यात मोठा वाटतो. डब्ल्यू १२६ च्या सुरुवातीच्या काही मॉडेलना २०५/७० चा टायर, १४ इंची रिमवर. म्हणजे रुंदी २०५ मिलिमीटर आणि उंची त्याच्या ७० टक्के. गणित करा : रिम ते रस्ता, रबराची उंची सुमारे १४ सेंटिमीटर. आताच्या गाडीला २० इंची चाकं घेतली तर मागे २८५/३५, म्हणजे जेमतेम १० सेंटिमीटर. एअर सस्पेन्शन कितीही हुशार असो, खड्ड्याची पहिली थप्पड रबर खातं. ते चार सेंटिमीटर गेले कुठे? फोटोत. सिंहस्थाच्या कामांसाठी शहरात कुठला रस्ता कधी उकरला जाईल याचा भरवसा नाही, आणि अशा रस्त्यावर दीड कोटीची गाडी गंगापूर रोडच्या गतिरोधकावर तिरकी होऊन, नवी नवरी उंबरा ओलांडते तशी जाते. समृद्धीवर वेगळी परीक्षा. काँक्रीट, १२० ची मर्यादा, इगतपुरीचा साडेसात किलोमीटरहून लांब बोगदा. तिथे रुंद टायरची घरघर आत येते. १९९१ च्या एस-क्लासने, म्हणजे डब्ल्यू १४० ने, दुहेरी काचा दिल्या त्या असल्याच आवाजासाठी. माझी अपेक्षा एवढीच की नव्या गाडीत १८ इंची चाक हे गरिबाचं मॉडेल म्हणून न देता सगळ्यात वरच्या मॉडेलला द्यावं.

सेव्हन सिरीजचा दाखला मात्र तुम्ही चांगला दिलात. मी त्यात भरच घालतो : डब्ल्यू १४० ला जर्मनीतच ‘फार धिप्पाड’ म्हणून हिणवलं होतं, आणि आज तिचे भक्त तिच्या दरवाजाच्या आवाजावर अर्धा तास बोलतात. २००१ मध्ये बीएमडब्ल्यूने त्याच सेव्हनमध्ये पडदा चालवायला आयड्राइव्हचा गोल नॉब दिला तेव्हाही शिव्या पडल्या, पुढे मर्सिडीज आणि ऑडीनेही तसलाच नॉब लावला. म्हणजे गाडीवेडे चुकतात, मान्य. पण नीट बघा, तो नॉब रस्त्यावरची नजर न हलवता हाताला सापडायचा, म्हणूनच टिकला. त्या सेव्हनची डिकी मला आजही आवडत नाही, खप काहीही असो.

इंजिनावर वाद घालत नाही. मागे बसणाऱ्याला सहा सिलिंडर, आठ सिलिंडर की बॅटरी, हे शांतता असेपर्यंत कळत नाही.

राहता राहिलं ग्रिल. ‘ग्रिल लहान करा’ असं मी लेखात कुठेही लिहिलेलं नाही, परत वाचून बघा. ते तुमच्याच मनातलं आहे.