जमनालाल बजाज: ‘पैसे मोजून पद घेतलं’ या आक्षेपाला उत्तर

नमस्कार. एवढी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, तेव्हा उत्तरही दोन ओळींत उरकत नाही. तुमचा आक्षेप असा: वर्ध्याचे व्यापारी आणि गांधीजींचे सहकारी जमनालाल बजाज मुळात शेठ. त्यांनी काँग्रेसला पैसा पुरवला, बदल्यात खजिनदारपद मिळवलं, स्वदेशीच्या लाटेवर धंदा वाढवला, मंदिर उघडायचा देखावा केला, आणि मी या सगळ्याला संतचरित्राचा मुलामा दिला.

पैसा दिला हे खरंच, आणि थोडाथोडका नाही. 1920 च्या नागपूर अधिवेशनाचे ते स्वागताध्यक्ष, खजिनदारपद आलं तेही तेव्हाच. असहकारात वकिली सोडणाऱ्यांच्या चरितार्थासाठी त्यांनी एक लाख रुपये दिले. पण त्या काळी काँग्रेसच्या पदातून व्यापाऱ्याला मिळणार काय होतं? राज्य इंग्रजांचं, परवाने नि पदव्या त्यांच्याच हातात. नफाच बघायचा तर रायबहादूर म्हणून मिरवणं जास्त सोयीचं. ती पदवी त्यांनी सोडून दिली.

आणि 1923 चा झेंडा सत्याग्रह तुम्ही वगळलात. नागपुरात सिव्हिल लाइन्सकडे तिरंगा घेऊन जायला बंदी होती, ती मोडायला तुकड्या निघत. जमनालालांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली, वर तीन हजारांचा दंड. दंड वसूल करायला सरकारने त्यांची मोटार जप्त केली. लिलाव पुकारला तर नागपुरात बोली लावायला माणूस मिळेना! शेवटी गाडी विकायला काठियावाडला न्यावी लागली. गांधीजी तेव्हा येरवड्यात कैदेत, म्हणजे ज्याला ते आपला पाचवा पुत्र मानत, त्याचं कौतुक करायला बाहेर कोणी नव्हतं. विकत घेतलेल्या पदासाठी अठरा महिने कोण पत्करतो, हे तुम्हीच सांगा.

धंद्याचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. 1931 मध्ये गोला गोकर्णनाथला त्यांचा साखर कारखाना उभा राहिला आणि 1932 मध्ये सरकारने आयात साखरेवर संरक्षक जकात लावली. लढा ज्या सरकारशी, त्याच्याच जकातीने कारखान्याला आडोसा दिला. जकात काँग्रेसने आणली नव्हती, तरी खजिनदाराचं हित आणि पक्षाचं आर्थिक धोरण कुठे एकमेकांत मिसळत होतं, हे विचारायलाच हवं. मला त्याहून जास्त खटकतं ते वर्ध्याचं चित्र. ग्रामोद्योग संघाची मगनवाडी त्यांनी दिलेली, सेगावची (पुढचं सेवाग्राम) जमीन त्यांची, कार्यकारिणीची माणसं उतरायची बजाजवाडीत. यजमान कितीही निरिच्छ असला, तरी त्याच्या अंगणात बसून त्याच्या वर्गाविरुद्ध ठराव करणं कुणाला सोपं जातं? तुम्ही हा प्रश्न विचारला असतात तर मला उत्तर देणं जड गेलं असतं.

आता मंदिर. वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर त्यांना दत्तक घेणाऱ्या घराण्यातल्या बच्छराजजींनी बांधलेलं. जुलै 1928 मध्ये ते अस्पृश्यांना खुलं झालं, विनोबा सोबत होते. त्याआधी 1927 मध्ये महाड घडून गेलं होतं, तेव्हा श्रेयाची सुरुवात वर्ध्यापासून करू नये हे तुमचं वाक्य मला मान्य आहे. ‘देखावा’ मात्र पटत नाही. देवस्थान घरचं, आणि सनातनी मंडळीही आपल्याच बिरादरीतली, ज्यांच्याशी रोजचा व्यवहार आणि सोयरीक. त्यांचा रोष ओढवून घेतला तर पेढीलाही झळ बसते, हे त्या व्यापाऱ्याला माझ्या-तुमच्यापेक्षा चांगलं कळत होतं.

राहता राहिलं जयपूर, ज्याचा तुमच्या प्रतिक्रियेत उल्लेखही नाही. ते मूळचे सीकरकडचे, म्हणजे जयपूर संस्थानातले. प्रजामंडळाच्या (संस्थानी प्रजेच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या) कामासाठी गेले तर संस्थानाने प्रवेशबंदी केली. 1939 मध्ये ती मोडली आणि पुन्हा अटक. 1941 च्या वैयक्तिक सत्याग्रहात आणखी एकदा तुरुंग, आणि 11 फेब्रुवारी 1942 ला, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, ते गेले. पद किती रुपयांना पडलं हे मांडताना ही वर्षंही हिशेबात धरा, मग साखर कारखान्यावर आपण आणखी भांडू.