वलंदेजांच्या देशातून विजयदुर्गाकडे बघताना

आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोन-चार महिन्यांनी विजयदुर्ग जळतो. कोणीतरी लांबलचक फॉरवर्ड टाकतं. १७५६, मराठी आरमाराचा सरदार तुळाजी आंग्रे, नानासाहेब पेशवे, 'मराठ्यांचं आरमार मराठ्यांनीच बुडवलं', आणि मग रात्री अकरापर्यंत रणधुमाळी. एका बाजूनं पेशव्यांना शिव्या, दुसऱ्या बाजूनं 'तुळाजी पुण्याला जुमानत नव्हता, त्याचं काय?' चौथ्या-पाचव्या मेसेजपर्यंत जाती निघतात. माझी आत्या हात जोडलेल्या गणपतीचं चित्र टाकून सगळ्यांना झोपायला पाठवते. मी रॉटरडॅममध्ये राहते, घड्याळ साडेतीन-साडेचार तास मागे, त्यामुळे हे युद्ध पेटतं तेव्हा मी ऑफिसात कंटेनरांचे कागद तपासत असते. माल कुणाचा, कुठपर्यंत कुणाच्या जबाबदारीवर, बुडाला तर पैसे कोण भरणार, हे वाचायचं माझं काम. पंधरा वर्षं ते केल्यावर माणसाला एक खोड लागते. भांडण कोणतंही असो, आधी करार बघावासा वाटतो.

गेल्या मे महिन्यात बाबा इकडे आले होते. ते वेंगुर्ल्याचे. त्यांना मी होर्नला नेलं. उत्तरेकडचं हे जुनं बंदराचं गाव आता शांत आहे. विटांची घरं, नौका, चीज तोलायची जुनी इमारत. मधल्या चौकात यान पीटरझोन कून याचा पुतळा आहे, १८९३ साली उभारलेला. कून याच गावचा. डच ईस्ट इंडिया कंपनीचा (डच आद्याक्षरं व्हीओसी) पूर्वेकडचा गव्हर्नर जनरल, १६१९ साली बटाविया, म्हणजे आजचं जकार्ता, वसवणारा. १६२१ साली त्यानं जायफळासाठी आजच्या इंडोनेशियातली बांदा बेटं घेतली. बेटांवरच्या ४४ प्रमुखांना जपानी भाडोत्री सैनिकांकडून कापून काढलं. सुमारे पंधरा हजारांची वस्ती होती ती हजाराच्या आसपास उरली. बाकीचे मेले, उपासमारीनं संपले, पळाले किंवा गुलाम म्हणून नेले गेले. मग मोकळ्या झालेल्या बागा वाटून दिल्या आणि तिथं राबायला बाहेरून गुलाम आणले.

हे सगळं मी बाबांना चौकात उभ्या उभ्या सांगितलं. ते पुतळ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मगे हेचो पुतळो कित्याक?"

हाच प्रश्न होर्नचे लोकही विचारतात. २०११ साली एका क्रेनचा धक्का लागून कूनसाहेब चौथऱ्यावरून खाली आले. त्याच सुमाराला पुतळा काढा म्हणून नागरिकांची मागणी चालली होती. डागडुजी करून तो परत चढवला गेला, पण खाली नवी पाटी आली. त्याच्या हिंसक व्यापारी धोरणामुळे हा मान त्याला शोभत नाही असं टीकाकार म्हणतात, हे त्या पाटीवरच लिहिलंय. २०२० साली चौकात पुन्हा निदर्शनं झाली. पुतळा अजून आहे.

पहिल्यांदा ती पाटी वाचली तेव्हा मला हेवा वाटला होता. आपल्याकडे पुतळ्याखाली अशी ओळ लिहायला कोण धजेल? आता तेवढा वाटत नाही. इथल्या वादातसुद्धा सगळे कूनकडेच बोट दाखवतात. तो क्रूर होता का, काळाचं अपत्य होता का, पुतळा ठेवावा की संग्रहालयात न्यावा. ज्यांनी त्याला पाठवलं, ज्यांना त्याचा नफा मिळाला, त्या कंपनीचा पुतळा कुठेच नाही, त्यामुळे तो पाडायचाही प्रश्न नाही.

आणि ही कंपनी म्हणजे काही मूठभर खलनायक नव्हते. २० मार्च १६०२ रोजी तिला सनद मिळाली. ॲमस्टरडॅम, मिडलबर्ख, डेल्फ्ट, रॉटरडॅम, होर्न आणि एंकहाउझेन अशी सहा शहरांची सहा दालनं, म्हणजे शाखा, वर सतरा संचालक. भांडवल कोणालाही घालता येत होतं. ॲमस्टरडॅमच्या दालनात अकराशेहून जास्त लोकांनी पैसे गुंतवले. नोंदणी ज्या संचालकाच्या घरी चालली होती, त्याच्या घरच्या मोलकरणीचंही नाव त्या वहीत आहे, शंभर गिल्डर. १६१० साली पहिला लाभांश वाटला तो रोखीत नव्हता, जायपत्रीत होता. जायपत्री म्हणजे जायफळावरची ती लाल जाळी, आपण पुलावात टाकतो ती. भागधारकांच्या हातात जायपत्री आली आणि अकरा वर्षांनी बांदा ओसाड पडलं.

सनदेत काय दिलं होतं ते बघा. केप ऑफ गुड होपच्या पूर्वेला डच व्यापाराची मक्तेदारी, किल्ले बांधायचा, सैन्य ठेवायचा, राजांशी तह करायचा अधिकार. वही दुकानदाराची आणि तोफ राजाची, दोन्ही एकाच हातात. युद्धाशिवाय व्यापार नाही आणि व्यापाराशिवाय युद्ध नाही, असं कूननं संचालकांना १६१४ सालीच कळवलं होतं. बांदानंतर त्याच संचालकांनी त्याला पुन्हा त्याच पदावर नेमलं.

माझ्या ऑफिसातल्या डच सहकाऱ्यांशी हा विषय काढला की ठरलेलं उत्तर येतं, 'आमचे पूर्वज बटाटे खाऊन जगणारे गरीब लोक होते, आमचा काय संबंध?' त्यातही खोटं काही नाही. दोनशे वर्षांत या कंपनीच्या जहाजांतून जवळजवळ दहा लाख माणसं पूर्वेला निघाली, त्यांतली निम्मीही परतली नाहीत. ती बहुतेक गरिबांचीच पोरं. पण २००६ साली इथल्या पंतप्रधानांनी संसदेत 'व्हीओसीची वृत्ती' पुन्हा अंगी बाणवा म्हटलं, तेव्हा त्यांना बुडालेले खलाशी आठवत नव्हते. नफ्याचा वारसा सगळ्यांचा आणि बांदाचा एकट्या कूनचा, असा तो हिशेब. २०२२ साली पंतप्रधानांनी आणि २०२३ साली राजानं गुलामगिरीबद्दल माफी मागितली, आणि ती मनापासून होती असं मला वाटलं. कंपनीच्या वतीनं मात्र मागणार कोण? १७९६ साली ती कर्जासकट सरकारनं ताब्यात घेतली आणि १७९९ अखेर तिची सनद संपली. तिच्या व्हीओसी या आद्याक्षरांवरून डच लोक विनोद करतात, 'भ्रष्टाचारात बुडाली'.

आता विजयदुर्ग.

ग्रुपवर शंभर वेळा झालेली गोष्ट थोडक्यात: मार्च १७५५ मध्ये पेशवे आणि मुंबईकर इंग्रज, म्हणजे त्यांची ईस्ट इंडिया कंपनी, यांच्यात आंग्र्यांविरुद्ध करार झाला. एप्रिलमध्ये इंग्रजांनी सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज ॲडमिरल वॉटसनचं आरमार आणि क्लाइव्हची फौज विजयदुर्गासमोर आली, बंदरात नांगरलेलं आंग्र्यांचं आरमार जळालं, तुळाजी पेशव्यांच्या कैदेत गेला. किल्ल्यातली सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. वाटणी कशी करायची हे स्वारीला निघण्याआधीच ठरलं होतं. किल्ला पेशव्यांना द्यायचा होता, तो महिनोन् महिने दिला नाही. सव्वा वर्षानं हेच वॉटसन आणि क्लाइव्ह बंगालमध्ये होते, आणि प्लासीची लढाई झाली.

ग्रुपवर जे कधीच येत नाही ते ऑक्टोबर १७५६ चा तह. विजयदुर्गाच्या बदल्यात इंग्रजांनी बाणकोट आणि दहा गावं घेतली. आणि एक अट घातली: पेशव्यांच्या मुलखात वलंदेजांना व्यापार करू द्यायचा नाही.

वलंदेज म्हणजे डच. पोर्तुगीज शब्दावरून आलेला आपला जुना शब्द, इथं कुणालाच माहीत नाही. मी सांगते तेव्हा सहकारी हसतात. आंग्र्यांचं आरमार जाळण्याशी वलंदेजांचा काय संबंध? त्यांनी तर आंग्र्यांचा मारच खाल्ला होता. १७२४ साली विजयदुर्गावर चालून गेले आणि हात हलवत परतले. पण करार वाचायची सवय असलेल्या माणसाला या एका अटीत मुंबईच्या इंग्रजांचं डोकं दिसतं. त्यांना आंग्रे नको होते, तसेच डचही नको होते. माल विकणारा आणि घेणारा एकटा आपण असावा. डचांनी बांदात तोफेनं जे केलं, तेच इंग्रजांनी कोकणात पेशव्यांच्या सहीनं करून घेतलं. सही नानासाहेबांची होती म्हणून तेही सुटत नाहीत. 'घरातल्या भांडणात परका आणला' हा दोष त्यांच्यावर आहेच, आणि मी त्यात सूट द्यायच्या मताची नाही. फक्त आमच्या ग्रुपवर गद्दार घरातच शोधायचा असतो, त्यामुळे मुंबईच्या कंपनीच्या वखारीत त्या दिवशी काय ठरलं याचा हिशेब कोणी मागत नाही. होर्नच्या चौकात आणि आमच्या ग्रुपवर कंपनी सारखीच सुटते.

बरं, हे कळायला मला हॉलंडला यायची गरज नव्हती. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात, म्हणजे राज्यकारभारावरच्या आपल्या ग्रंथात, अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवलंय. फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज, फरांसिस (फ्रेंच) हे टोपीकर सावकारी करतात खरे, पण ते इतर सावकारांसारखे नव्हेत. त्यांचे धनी राज्य करणारे आहेत, आणि राज्य करणाऱ्याला जागेचा लोभ नसेल कसा? म्हणून त्यांना समुद्रकाठी, खाडीशी जागा देऊ नये, पक्क्या इमारती बांधू देऊ नयेत. सावकार म्हणजे राज्याची शोभा, हेही पंतांनीच लिहिलं. व्यापाराला त्यांचा विरोध नव्हता. शिवाजी महाराजांनी १६७१ साली कुडाळच्या सरसुभेदाराला पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितली, ती आपल्या मिठागरवाल्यांचा धंदा वाचावा म्हणून. परका आला की आपला गेला, असली रड त्या पत्रात नाही.

आपल्याकडे आज कुठल्याही विदेशी कंपनीचं नाव निघालं की 'पुन्हा ईस्ट इंडिया कंपनी' म्हणून गळा काढतात. देशी कंपनीला बंदर मिळालं तर मात्र कोणी करार बघत नाही. मालक गोरा की काळा हे पंतांनी विचारलं नव्हतं. त्याच्यामागं कुणाचं राज्य आहे आणि त्याला खाडीच्या तोंडाशी जागा किती द्यायची, हे विचारलं होतं. हे मी ग्रुपवर लिहिलं तेव्हा दोघांनी 'अभ्यासपूर्ण' म्हटलं आणि एकानं विचारलं, "म्हणजे तू पेशव्यांच्या बाजूची?"

होर्नहून परतताना गाडीत मी बाबांना विचारलं, वेंगुर्ल्यात डचांची वखार आहे, तुम्ही आत गेलायत का? सतराव्या शतकात गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करताना डचांनी घातलेली ती वखार. तिथून बटावियाला आणि हॉलंडला गेलेल्या पत्रांत महाराजांच्या हालचालींच्या बातम्याही आहेत, आणि ते कागद आमच्या घरापासून अर्ध्या तासावर हेगच्या अभिलेखागारात जपून ठेवलेत.

बाबा म्हणाले, लहानपणी भिंतीपर्यंत जायचो, आत झाडं माजली होती, साप असतात म्हणून आई सोडायची नाही. मग खिडकीबाहेर बघत त्यांनी विचारलं, "त्या मोलकरणीचे शंभर रुपये परत गावले काय रे?"

गिल्डर, बाबा. रुपये नव्हेत.