राणीचे दुःख आणि माझे बालपण

माझ्याच घरात, माझ्याच टीव्हीसमोर, "तुमच्या लहानपणी नेमकं काय झालं होतं हो?" असा प्रश्न मला विचारण्यात आला, आणि तो विचारणाऱ्या बाई आमची शिडी परत करायला आल्या होत्या. या गोष्टीला फार दिवस झालेले नाहीत आणि माझा रागही अजून पुरता उतरलेला नाही.

माझी भाची सध्या 'वन्स अपॉन अ टाइम' ही परीकथांतील पात्रांची अमेरिकी मालिका पुन्हा पहिल्यापासून पाहते आहे आणि मला शेजारी बसवून घेते, कारण एकट्याने रडण्यात मजा नाही असे तिचे म्हणणे आहे. त्या दिवशी पहिल्या पर्वाचा अठरावा भाग चालू होता. १ एप्रिल २०१२ रोजी प्रथम प्रसारित झालेल्या या भागात स्नो व्हाइटची दुष्ट सावत्र आई, म्हणजे राणी रेजिना, मुळात दुष्ट का झाली हे उघड होते. तरुण रेजिनाचे वडिलांच्या पागेत काम करणाऱ्या डॅनियलवर प्रेम असते. उधळलेल्या घोड्यावरून ती एका लहान मुलीचा जीव वाचवते, ती मुलगी राजकन्या स्नो व्हाइट निघते, तिचा विधुर बाप रेजिनाला मागणी घालतो आणि रेजिनाची आई कोरा मुलीला न विचारताच होकार देऊन टाकते. पागेतले प्रेम राजकन्येला दिसते. ती ते गुपित ठेवण्याचे वचन देते. पण कोरा तिच्याशी गोड बोलून ते काढून घेते आणि मग डॅनियलच्या छातीत हात घालून त्याचे हृदय बाहेर काढते व मुठीत त्याचा चुरा करते. या सगळ्याचा सूड म्हणून रेजिना पुढे एका संपूर्ण राज्याला शाप देते, आणि त्यातली माणसे स्वतःची ओळख विसरून, घड्याळ बंद पडलेल्या एका गावात अठ्ठावीस वर्षे अडकून पडतात.

हे पाहून मी फक्त "एवढ्यासाठी?" असे म्हटले.

भाचीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले तिचे वर्णन मी करणार नाही, कारण खरा प्रसंग दारात घडत होता. दार उघडेच होते. शेजारच्या काकू शिडी घेऊन आल्या होत्या, आणि शिडीचा अर्धा भाग घरात व अर्धा बाहेर अशा अवस्थेत त्या भागाची शेवटची पंधरा-वीस मिनिटे उभ्यानेच पाहत राहिल्या होत्या. बसण्याचा आग्रह केला तर "मी बसायला आलेले नाही" असे त्यांचे उत्तर होते. या मालिकेचे नावही त्यांनी तोवर ऐकलेले नव्हते. आधीच्या सतरा भागांत राणीने काय काय केले आहे, याची त्यांना गंधवार्ता नव्हती. त्यांनी पाहिले होते ते इतकेच, की एक तरुण मुलगी प्रियकराच्या देहावर कोसळून रडते आहे आणि तिची आई शेजारी उभी राहून तिला प्रेम म्हणजे दुबळेपणा असल्याचे समजावते आहे. शिडीवरचा हात सोडून काकूंनी डोळे पुसले, तेव्हा शिडी दाराच्या चौकटीवर आपटली.

"एवढ्यासाठी म्हणजे?" त्यांनी मला विचारले. "आणखी किती व्हायला हवं होतं?"

वास्तविक मी गप्प बसून शिडी ताब्यात घेऊ शकलो असतो. परंतु न्यायाची बाजू मांडण्याची संधी माणसाला क्वचितच मिळते, म्हणून मी म्हणालो, "काकू, हिनं दुसऱ्याच भागात स्वतःच्या वडिलांचं हृदय काढलंय. तोच शाप देण्यासाठी."

"हे आत्ता दाखवलं तेव्हा वडील त्या घरातच होते ना?"

"होते."

"त्यांनी बायकोला अडवलं?"

"नाही."

"मग!"

त्या 'मग'नंतर न्यायालयाचे कामकाज संपल्यासारखे वाटले. भाचीचे डोळे चमकले. मी तरीही नेटाने ग्रॅहमचे प्रकरण काढले. स्नो व्हाइटला मारून तिचे काळीज आणण्यासाठी राणीने धाडलेला हा शिकारी. त्याने दया येऊन मुलीला सोडून दिले, म्हणून राणीने त्याचेच हृदय काढून पेटीत बंद केले, त्याला वर्षानुवर्षे आपल्या तालावर नाचवले, आणि सातव्या भागात त्याला सगळे आठवले त्या क्षणी ते हृदय चिरडून टाकले. डॅनियलला जसे तिच्या आईने मारले, अगदी तसेच. हा मुद्दा बिनतोड आहे अशी माझी समजूत होती.

काकूंनी शांतपणे ऐकून घेतले. "तुम्ही त्या शिकाऱ्याच्या बाजूचे दिसता," त्या म्हणाल्या.

"मी कुणाच्याच बाजूचा नाही. मी केवळ घटना सांगतोय."

"तेच म्हणते मी. इतकं कोरडं माणूस उगाच होत नाही. तुमच्या लहानपणी नेमकं काय झालं होतं हो?"

मी उत्तर देण्यापूर्वीच भाचीने ते दिले. "मामाला शाळेच्या नाटकात कायम झाड करायचे," ती म्हणाली. "आजी सांगते."

काकूंचा चेहरा त्या क्षणी जो पालटला, तो राणीसाठीही पालटला नव्हता. त्यांनी अत्यंत करुणेने माझ्याकडे पाहिले, "तरीच," असे पुटपुटल्या, आणि आज कशातच मन लागणार नाही, शिडी उद्या आणते, असे सांगून शिडीसकट निघून गेल्या. येथे नोंद व्हावी म्हणून सांगतो, की मी झाड एकदाच झालो होतो आणि त्या झाडाला एक वाक्य होते.

हा अपमान मी विसरलोही असतो, परंतु त्या रात्री माझ्या ध्यानात आले, की काकू अपवाद नाहीत. मूळ प्रसारणाच्या वेळीही या भागाने प्रेक्षकांत दोन तट पाडलेच होते. लहान मुलीच्या तोंडून एक गुपित निसटले म्हणून एवढा सूड, हे कारण काहींना अगदीच तोकडे वाटले, तर काहींना राणी त्या दिवसापासून आपली वाटू लागली. रेजिनाचे चाहते स्वतःला 'ईव्हिल रीगल्स' म्हणवतात आणि ते अभिमानाने म्हणवतात. मला त्यांच्या प्रेमाबद्दल तक्रार नाही. लाना पारिया या अभिनेत्रीने हा भाग असा काही पेलला आहे, की लग्नाच्या पोशाखात उभी राहून, आतला संताप गिळून, त्या मुलीला "डॅनियल निघून गेला" असे सांगणारी रेजिना पाहताना माझ्याही घशात काही अडकले होते. भाचीला ते दिसू नये म्हणून मी खोकलो. माझा आक्षेप त्यानंतर जे घडते त्याला आहे. डोळे पुसून झाले, की चाहते गुन्हेगार शोधायला निघतात, आणि खुनी बाई हृदयाची राख हातावरून झटकत समोर उभी असताना त्यांना सापडते ती वचन न पाळलेली एक पोरगी. तिची आई वारलेली असते आणि कोरा तिला नेमकी तीच जखम दाबून बोलती करते, हे त्याच भागात दाखवलेले आहे. परंतु हा साक्षीपुरावा कुणी विचारात घेत नाही. घरातले भांडण असो वा मालिकेतले, दोष उताराकडे वाहत जातो आणि सर्वांत लहान माणसापाशी येऊन थांबतो, याचा मला मनापासून संताप आहे.

खलनायकाला पूर्वकथा असू नये, असे मी म्हणत नाही. आपल्या पुराणांनी तर रावणालाही ती दिली आहे. वैकुंठाचे द्वारपाल जय आणि विजय यांनी सनकादिकांना दारात अडवले, त्यांचा शाप घेतला आणि तीन जन्म भगवंताचे वैरी होऊन काढले. त्यांतल्या दुसऱ्या जन्मातले रावण आणि कुंभकर्ण. म्हणजे बिचाऱ्यांचे मूळ दुखणे इतकेच, की ते आपली नोकरी चोख करत होते. ही कथा ऐकून आजवर अनेकांनी हळहळ व्यक्त केली असेल, पण म्हणून रामाने सोडलेला बाण कुणी वाटेतून परत बोलावला नाही.

हे मी भाचीला ऐकवले, तेव्हा तिने पुढच्या पर्वांतला पुरावा काढला. १० मार्च २०१३ रोजी प्रसारित झालेल्या भागात खुद्द कोराची पूर्वकथा येते. ती एका गिरणीवाल्याची मुलगी असते, आणि राजवाड्यात पीठ घेऊन गेली असताना एक गर्विष्ठ राजकन्या तिला मुद्दाम पाय घालून पाडते, वर तिलाच माफी मागायला लावते. ती राजकन्या पुढे स्नो व्हाइटची आई होते. "म्हणजे मामा, सुरुवात त्यांच्याच घरानं केली," भाची विजयी स्वरात म्हणाली. या हिशेबाने त्या राजकन्येचीही काही पूर्वकथा असणार, तिला पाडणारेही कुणी असणार, आणि दोषी माणसाचा शोध घेत आपण मालिकेतल्या पहिल्या माकडापर्यंत पोहोचू, असे मी म्हणालो. त्यावर तिने मला शेवट सांगितला. १८ मे २०१८ रोजी ही मालिका संपली, आणि ती संपली रेजिनाच्या राज्याभिषेकाने, 'चांगली राणी' म्हणून, सर्वांच्या टाळ्यांच्या गजरात. इतकी वर्षे ज्यांची आयुष्ये तिने चुरगळली, त्यांच्या वतीने त्या समारंभात कुणी दोन शब्द बोलल्याचे भाचीला आठवत नाही. मारल्या गेलेल्यांची पूर्वकथा सांगायला सवड नसते. ग्रॅहमला तर ज्या भागात पूर्वकथा मिळाली, त्याच भागाच्या शेवटी त्याला मारून टाकले.

काकू आता रोज येतात. बसतातही. मालिका त्यांनी पहिल्या भागापासून सुरू केली आहे, माझी नेहमीची खुर्ची त्यांना देण्यात आली आहे आणि शिडी अद्याप त्यांच्याकडेच आहे. काल सातवा भाग झाला. मी मुद्दाम कामे बाजूला सारून आलो होतो, कारण आता तरी त्या बाईंचे मत बदलेल अशी मला आशा होती. राणीने हृदय मुठीत घेतले, ग्रॅहम कोसळला, आणि काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

"दिसायला चांगला होता," अखेर त्या म्हणाल्या. "पण राणीशी संबंध असताना त्या दुसऱ्या मुलीकडे जायची त्याला काय गरज होती?"

मी तोंड उघडले.

"मामा," भाची म्हणाली, "झाडाला संवाद नसतो."