चोरीस म्हणजे सलामी नव्हे

गोव्याच्या चोरीसाबद्दल (डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज) एक संदेश बराच फिरतोय: ‘चोरीस ही आपली सलामी, कापून तशीच खा. विनेगर असल्यामुळे फ्रिज लागत नाही, वर्षभर टिकतो. जितका लाल तितका अस्सल. पांढरं दिसलं की फेका.’

कच्चा खाण्याचा सल्ला सर्वांत घातक. सलामीचं (न शिजवता कापून खायच्या युरोपीय सॉसेजचं) मांस आंबवून आम्लता वाढवतात, बहुधा नायट्राइट (मांस टिकवणारं रसायन) घालतात आणि ठरावीक थंडाव्यात कित्येक आठवडे वाळवतात. चोरीसात मीठ लावून दाबलेले डुकराच्या मांसाचे तुकडे, माडाचं विनेगर, मिरची, लसूण. मग ऊन आणि धूर. ऊन किती मिळालं हे घरागणिक वेगळं. मण्याच्या, म्हणजे दोऱ्यानं बांधलेल्या एकेका गोळ्याच्या, मध्यापर्यंत मीठ पुरेसं मुरलं का, हे बाहेरून कळत नाही आणि कच्च्या डुकराच्या मांसातून फीतकृमी होण्याचा धोका आपल्याकडे खराच आहे. म्हणून शिजवूनच खा: पाव किलो मण्यांचे दोरे कापा, आवरण सोला. निघत नसेल तर दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. दोन कांदे, एक बटाटा, कपभर पाणी घालून झाकून मंद आचेवर 25 मिनिटं शिजवा, मग झाकण काढून पाणी आटवा. तेल नको, चरबी सुटतेच. मीठ तर नकोच नको. मोठ्या आचेवर कोरडा परतलात तर मसाला जळून कडू होतो आणि मांस आत कच्चं राहतं.

वर्षभर टिकायचा तो चुलीवर टांगलेला, रोज धूर खाणारा. आज बाजारातला माल बऱ्याचदा मऊ, अर्धवट वाळलेला असतो. प्लास्टिकमध्ये बांधून फळीवर ठेवला की ओल कोंडते. शिवाय मिठामुळे चरबी खवट व्हायची थांबत नाही. घेताना मणी दाबून पाहा: टणक हवा, आवरण मांसाला घट्ट चिकटलेलं हवं. कागदात गुंडाळून, डब्यात घालून फ्रिजमध्ये दोन आठवडे ठेवा. त्याहून जास्त ठेवायचा तर एका वेळेपुरत्या पुड्या करून फ्रीझरमध्ये, दोन महिन्यांपर्यंत.

रंगाचं म्हणाल तर चांगला चोरीस काळपट लाल दिसतो. मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात फारसा नाही. तुकडा टाकताच थंड पाणी नितळ लालभडक झालं तर रंग मिसळल्याचा संशय घ्यावा.

पांढरं बोटाच्या उबेनं विरघळलं तर ती गोठलेली चरबी; कोरडे, खारट कण म्हणजे मीठ. केसाळ हिरवी-काळी बुरशी, चिकट आवरण किंवा जुन्या तेलासारखा वास आला, तर मात्र धुऊन-पुसून वाचवायला जाऊ नका.