‘मग सोडा की नोकरी’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ,

तुम्ही नाव दिलेलं नाही, ‘केळीवाल्याचा पोरगा’ एवढंच लिहिलंय, म्हणून भाऊ म्हणतो. तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली, काल पुन्हा वाचली. लगेच दोन ओळींत उत्तर देणार होतो, पण त्या दोन ओळी रागाच्या झाल्या असत्या.

ज्यांनी माझा आधीचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी भुसावळचा. रावेर-यावल पट्ट्यातली केळी आखातात जातात, तिथलं गिऱ्हाईक सांभाळणं ही माझी नोकरी. गेल्या वर्षी ६१ वेळा विमानात बसलो, आणि एका पहाटे मुंबईच्या विमानतळावर खुर्चीत बसून ‘यश यश म्हणतात ते हेच का’ असं वाटलं, ते लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, ‘साहेब, माझ्या बापाने रेल्वेच्या वॅगनींत केळी भरली. त्याची पाठ दुखली तर त्याने लेख नाही लिहिला. लाउंजमध्ये फुकटची कॉफी पीत यशाला नावं ठेवणं म्हणजे भरल्या पोटाची ढेकर. एवढा कंटाळा आलाय तर मग सोडा की नोकरी. आणि जळगावला पहिलं विमान २०१९ ला नाही, २०१७ ला आलं. तेवढं तरी नीट लिहा.’

शेवटचं आधी घेतो, कारण ते सोपं आहे. चूक माझी. टर्मिनलचं उद्घाटन मार्च २०१२ मध्ये, आपल्याच जिल्ह्याच्या प्रतिभाताई राष्ट्रपती असताना, त्यांच्याच हस्ते झालं. पण तिकीट काढून बसावं असं विमान यायला डिसेंबर २०१७ उजाडला. लहान शहरांना विमानाने जोडायच्या सरकारी ‘उडान’ योजनेतलं, जेमतेम वीस माणसांचं. ती सेवा टिकली नाही. मी पहिल्यांदा बसलो ते सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या सेवेत, म्हणून माझ्या डोक्यात जळगावचं विमान तेव्हापासून सुरू झालं. तीही बंद पडली, २०२४ मध्ये पुन्हा नव्याने श्रीगणेशा झाला. धावपट्टी १७०० मीटरची, त्यामुळे एटीआर हे पंख्याचं लहान विमान उतरतं, मोठं जेट नाही. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता कॉफीचं. ती फुकट नसते, कार्डाच्या वार्षिक फीमध्ये कापलेली असते, पण तुमचा मुद्दा तो नाही हे मला कळतं.

मुद्दा तुमच्या वडिलांच्या पाठीचा आहे, आणि तिथे मी खरोखर अडखळलो. लेखात मी माझ्या धावपळीला ‘कष्ट’ म्हटलं होतं. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर वही घेऊन बसलो आणि एक दौरा मांडून पाहिला. भुसावळहून रात्रीची गाडी, सात-आठ तास. पहाटे ठाण्याला उतरून टॅक्सी. विमानतळावर तीन तास आधी. दुबईपर्यंत तीन तास. तिथलं घड्याळ दीड तास मागे, म्हणजे जाताना दीड तास कमावल्यासारखा वाटतो आणि परतताना व्याजासकट जातो. दुबईतल्या अल अवीरच्या फळबाजारात गिऱ्हाइकाकडे किती वेळ होतो? चार तास. त्यातला दीड तास तो फोनवर. म्हणजे दोन दिवसांच्या दौऱ्यात काम म्हणावं असं अडीच तासांचं. बाकी सगळं बसणं. मी दमून घरी यायचो हे खरं, पण दमणं आणि काम करणं या दोन गोष्टी मी एकच धरून चाललो होतो. घरच्यांनीही तसंच धरलं. ‘पप्पा दमलेत, त्यांना झोपू दे’ म्हणून माझ्या मुलीने कित्येक रविवार टीव्हीचा आवाज बारीक ठेवलाय. पॅकहाउसमध्ये दिवसभर पाण्यात हात घालून फण्या धुणाऱ्या बायका घरी गेल्यावर कोण आवाज बारीक करतं?

विमानतळाचा यात मोठा हात आहे, असं माझं मत. एसटी स्टँडवर तुम्हाला कुणी विचारत नाही. ओळखीचा भेटला तर ‘कुठी चालला भो?’ म्हणतो आणि उत्तर ऐकायच्या आत पुढे जातो. विमानतळावर मात्र सगळी व्यवस्थाच तुम्ही घाईत आहात असं समजून चालते. वेगळी रांग, चेहरा दाखवला की उघडणारं दार, नाव पुकारणारा आवाज. दोन-चार वर्षं हे अंगावर पडलं की माणसाला खरंच वाटू लागतं, आपल्यावाचून काहीतरी अडलंय.

इथपर्यंत तुमचं मान्य. पण ‘मग सोडा की नोकरी’ हे मला पटत नाही.

एक प्रसंग सांगतो. दोन वर्षांपूर्वी एक कंटेनर पिकून पोचला. माल थंड ठेवणारा, चाळीस फुटी, वीस टन माल. केळी साधारण १३ अंशांवर न्यायची असतात हे तुम्हाला सांगायला नको. त्याखाली गेली की साल काळवंडते, वर गेली की पिकायला लागतात. आणि एक खोकं पिकलं की त्यातला इथिलीन वायू शेजारच्या खोक्यांना उठवतो. गिऱ्हाइकाने फोटो पाठवले, सगळं पिवळं, आणि पूर्ण पैसे कापतो म्हणाला. मालक म्हणाले, निघा. मी निघालो. तिथे जाऊन काय केलं, तर कंटेनर उघडून केळ्यांकडे पाहिलं. फोटोत होती तशीच होती! कंटेनरमधल्या लॉगरने तापमानाची नोंद ठेवलेली होती. वाटेत कुठेतरी धक्क्यावर प्लग काढलेला राहिला होता, आलेखावर ते अकरा तास डोंगरासारखे उभे दिसत होते. तो आलेख मला भुसावळला बसून ई-मेलवर मिळाला असता.

मग जाणं फुकट गेलं का? नाही. त्या गिऱ्हाइकाने आलेख पाहिला, मला चहा दिला, त्याच्या आजारी भावाबद्दल अर्धा तास बोलला आणि शेवटी निम्म्यावर आला. ई-मेलवर तो निम्म्यावर आला नसता, हे मी पैजेवर सांगतो. त्या निम्म्या रकमेत निंभोऱ्याच्या एका शेतकऱ्याचं देणं होतं, ज्याचा यात काडीचाही दोष नव्हता. तेव्हा सगळाच प्रवास देखावा नसतो. ६१ पैकी असे किती, हेही मी मोजलं. नऊ. फार तर दहा. उरलेल्या वेळी मी गेलो, कारण समोरच्या कंपनीचा माणूस जातो, कारण न जाणारा मागे पडला असं धंद्यात समजतात, आणि खरं सांगायचं तर मला जायला आवडायचं म्हणून.

नोकरी सोडून हे सुटत नाही, भाऊ. माझ्या जागी दुसरा येईल आणि तोही ६१ वेळा उडेल. सुटेल ते कमी जाण्याने. ते मी मालकांशी बोललोय. त्यांनी ऐकून घेतलं, उत्तर दिलेलं नाही. (बामणोदच्या वांग्यांचं भरीत डब्यात घालून गिऱ्हाइकाला नेऊन देणं मात्र मी बंद करणार नाही. तो डबा ६१ विमानांपेक्षा जास्त माल विकतो.)

फिरल्याशिवाय मोठं होता येत नाही, असं आमच्या धंद्यात सगळे म्हणतात. त्यांना मी अमळनेर दाखवतो. विप्रो १९४५ मध्ये तिथे वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झाली. गावातल्या काही जणांनी तेव्हापासून नाहीतर नंतर घेतलेले शेअर नुसते सांभाळून ठेवले, आणि घरबसल्या श्रीमंत झाले. त्यांतल्या कितीतरी जणांनी विमान फक्त खालून पाहिलं असेल.

राहिली भरल्या पोटाची ढेकर. हे वाक्य लागलं, आणि थोडं खरं आहे म्हणूनच लागलं. पण तुमचा नियम पुढे नेऊन बघा. ज्याचं पोट भरलंय त्याने बोलायचं नाही. ज्याचं भरलं नाही त्याला बोलायला वेळ नाही. मग बोलायचं कुणी? तुमच्या वडिलांनी लेख लिहिला नाही, कबूल. पण पाठ दुखत होती हे तुम्हाला माहीत आहे, म्हणजे कधीतरी त्यांनी ते कुणाला तरी सांगितलं असणार, निदान रात्री घरात. ती ढेकर नव्हती ना? माझे वडील रेल्वेत होते, भुसावळच्या यार्डात. स्वतःबद्दल एका शब्दाने बोलले नाहीत कधी. त्यांना काय वाटायचं ते मला आजही ठाऊक नाही, आणि यात काही मोठेपणा होता असं मला आता वाटत नाही. माझ्या मुलीला ते ठाऊक असावं म्हणून मी लिहितो. वाचणाऱ्याला रडगाणं वाटलं तर तो दोष माझ्या लिहिण्याचा.

एक विचारायचं राहिलं. तुमच्या वडिलांनी वॅगनी कुठे भरल्या, रावेरला, सावद्याला की निंभोऱ्याला? लहानपणी वडिलांकडून ऐकलंय, कापलेल्या केळीचे ढीग फलाटाशेजारी पडलेले असायचे आणि वॅगनींचा पत्ता नसायचा. माणसं रात्र रात्र बसून राहायची, माल डोळ्यांदेखत पिवळा व्हायचा. मी खुर्चीत बसून विमानाची वाट पाहतो तेव्हा निदान माझ्याबरोबर काही पिकत नसतं. ते लोक त्या रात्री काय करायचे, काय बोलायचे? वडील असतील तर त्यांना विचारून कळवाल का? इथेच लिहिलंत तरी चालेल.

तुमचा,
भुसावळकर