‘नातेवाइकांनी घरी जावं, पेशंटचे हात बांधावेत’: या मेसेजला उत्तर

परवा रात्री साडेदहाला मामीचा फोन आला. मामाला अल्झायमर (डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, एक प्रकार) आहे, खुब्याचं हाड मोडल्यामुळे ऑपरेशन झालंय, आणि मामी मात्र घरून बोलत होती. कारण आमच्या फॅमिली ग्रुपवर कुणीतरी ‘डिमेन्शियाचा पेशंट ॲडमिट असेल तर हे सहा नियम पाळा’ असा मेसेज टाकला होता आणि तिने तो खरा मानला. “घरची माणसं दिसली की ते जास्त बिथरतात म्हणे गं, म्हणून निघून आले.” येताना मामाचा चष्मा आणि कानाचं यंत्रही ती घेऊन आली होती, कारण मौल्यवान वस्तू वॉर्डात ठेवू नयेत असाही त्यात एक नियम आहे. म्हणजे त्या रात्री मामाला नीट दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं आणि ओळखीचं एकही माणूस जवळ नव्हतं.

तोच मेसेज मला नंतर आणखी तिघांनी पाठवला. शेवटी ‘तज्ज्ञ डॉक्टरांचा सल्ला’ असं लिहिलंय, डॉक्टरांचं नाव कुठेही नाही. मला याची चीड आली आहे आणि म्हणून हे लिहितेय.

“हॉस्पिटलमध्ये गोंधळ अचानक वाढला म्हणजे डिमेन्शिया शेवटच्या टप्प्यात गेला.”

साफ चूक. डिमेन्शिया सहसा महिन्यांनी, वर्षांनी वाढतो. काल बायकोला ओळखणारा माणूस आज भिंतीवर किडे बघत असेल, तर तो बहुतेक वेळा डिलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक उद्भवणारा मेंदूचा गोंधळ, असतो. जुनी माणसं ‘वात झालाय’ म्हणायची ते हेच. डिमेन्शिया असलेल्यांना तो चटकन होतो, तासातासाला कमीजास्त होतो, आणि त्याला कारण असतं: जंतुसंसर्ग, शरीरात पाणी कमी पडणं, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, दुखणं, नवं औषध, झोपमोड. ‘शेवटचा टप्पा’ म्हणून हात टेकले की हे कारण शोधायचं राहून जातं. याचा एक गप्प प्रकारही आहे. माणूस दिवसभर ग्लानीत पडून राहतो, कुणाला त्रास देत नाही, आणि सगळे म्हणतात, आज शांत आहेत. नेहमीचा माणूस कसा असतो हे घरच्यांनाच माहीत असतं. “कालपर्यंत हे असे नव्हते” हे वाक्य डॉक्टरांपर्यंत पोहोचवणं हे आपलं काम आहे.

“रात्री उठायला लागला तर हात बांधायला सांगा, त्याच्याच भल्यासाठी असतं.”

सगळ्यात जास्त नुकसान करणारा मुद्दा हाच. आधी विचारा, माणूस का उठतोय? त्याला लघवीला जायचं असतं, टाके दुखत असतात, किंवा आपण कुठे आहोत हे कळत नसल्यामुळे तो घर शोधत असतो. हात बांधल्याने यातलं एकही कारण दूर होत नाही. उलट, सांगायला शब्द उरलेले नसताना हातांनी जे सांगता येत होतं, तेही बंद होतं. मग तो झटापट करतो, कातडी सोलवटते, पडून राहून स्नायूंची ताकद जाते, पाठीला जखमा होतात. पट्ट्यांतून सुटायच्या धडपडीत गळा आवळून माणसं दगावल्याच्याही नोंदी आहेत. वृद्धांच्या आजारांच्या अमेरिकन तज्ज्ञ डॉ. शॅरन इनूये यांनी 1996 मध्ये ॲडमिट असलेल्या वृद्धांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बांधून ठेवलेल्या पेशंटना डिलिरियम होण्याचा धोका चौपटीहून जास्त आढळला. म्हणजे ज्या गोंधळासाठी बांधायचं, तोच बांधल्याने वाढू शकतो. लघवीची नळीही त्याच अभ्यासातल्या पाच कारणांपैकी एक होती. म्हणून राउंडला रोज विचारा: ही नळी आज काढता येईल का?

एवढं मान्य करते की आयसीयूत श्वासाची नळी उपटली जाण्याची भीती असते तेव्हा थोड्या वेळासाठी हात अडकवावे लागू शकतात. पण तो निर्णय डॉक्टरांचा, पुन्हा पुन्हा तपासून घ्यायचा. नातेवाइकांनी मेसेज वाचून मागणी करावी अशी ती गोष्ट नाही. त्याआधी करण्यासारखं पुष्कळ आहे. पलंग खाली घ्या, संडासाचा दिवा चालू ठेवा, ठरावीक वेळाने स्वतःहून लघवीला न्या, सलाईनची सुई बाहीखाली झाका, हातांना चाळा म्हणून एखादा टॉवेल द्या. आणि जवळ माणूस बसवा.

“नातेवाइकांनी थांबू नये.”

इथे मला एकाच अभ्यासाचा आधार पुरेसा वाटतो. त्याच डॉ. इनूये आणि अमेरिकेतल्या येल विद्यापीठातले त्यांचे सहकारी यांनी 1999 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये तो प्रसिद्ध केला. सत्तर आणि त्यापुढच्या वयाचे 852 पेशंट होते. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटाकडे त्याशिवाय सहा गोष्टींसाठी लक्ष दिलं गेलं: वेळ आणि जागेचं भान, झोप, हालचाल, नजर, ऐकू येणं आणि पुरेसं पाणी. पहिल्या गटात 15 टक्के लोकांना डिलिरियम झाला, दुसऱ्यात 9.9 टक्के. यासाठी कुठलंही नवं औषध वापरलेलं नव्हतं. चष्मा लावणं, कानात यंत्र घालणं, चालवणं, पाणी पाजणं, बोलणं, रात्री झोपू देणं, यातलं बरंच काम प्रशिक्षित स्वयंसेवकांनी केलं. मग घरचं माणूस हे का करू शकणार नाही? आणखी एक गोष्ट त्यातच दिसली: डिलिरियम एकदा झाल्यावर त्याची तीव्रता या उपायांनी विशेष कमी झाली नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून जवळ थांबायचं.

ब्रिटनमध्ये 2014 साली जॉन जेरार्ड नावाचे डिमेन्शिया असलेले गृहस्थ पाच आठवडे हॉस्पिटलमध्ये होते. साथीमुळे भेटायला येण्यावर निर्बंध होते. ते परत आले तेव्हा हाडांचा सापळा झाले होते, चालता येत नव्हतं, धड बोलता येत नव्हतं. त्यांची मुलगी निकी हिने मैत्रीण ज्युलिया जोन्सबरोबर त्यातूनच ‘जॉन्स कॅम्पेन’ सुरू केलं. मागणी एकच: काळजी घेणाऱ्या घरच्या माणसाला जवळ राहू द्या.

‘थांबू नये’ या नियमात अर्धं खरं आहे, तेही सांगते. दहा जणांनी पलंगाभोवती गर्दी केली, प्रत्येकाने “मला ओळखलंस का?” विचारलं, तर कुणीही बिथरेल. आणि मामी चार रात्री झोपलेली नव्हती. तिला विश्रांती हवीच होती. त्यासाठी पाळ्या लावायच्या. आता लावल्या आहेत.

“मौल्यवान वस्तू घरी न्या.” दागिने न्या, पैसे न्या. चष्मा, कवळी आणि कानाचं यंत्र वॉर्डात हरवतं हे खरं आहे, पण म्हणून ते माणसापासून काढून घ्यायचं नाही. डबीवर नाव लिहा आणि प्रत्येक पाळीच्या सिस्टरांना सांगा.

“झोपेचं इंजेक्शन मागून घ्या.” नका मागू. झोपेच्या कित्येक औषधांनी गोंधळ वाढतो, माणूस पडतो. ल्युई बॉडी प्रकारचा डिमेन्शिया असेल तर बिथरलेल्या माणसाला शांत करायला देतात ते हॅलोपेरिडॉलसारखं औषध जिवावर बेतू शकतं, म्हणून प्रकार माहीत असेल तर आधी डॉक्टरांना सांगा.

“त्यांना दुखणं फारसं जाणवत नाही.” जाणवतं. सांगता येत नाही. खुबा मोडलेल्यांवरचा 2000 सालचा एक अभ्यास आहे. बळावलेला डिमेन्शिया असलेल्यांना इतरांच्या तुलनेत मॉर्फिनसारखी वेदनाशामकं एक तृतीयांशच मिळाली होती. हाड सगळ्यांचं सारखंच मोडलेलं होतं. म्हणून तोंडी उत्तरावर थांबू नका. कपाळावरच्या आठ्या, कण्हणं, श्वास, आवळलेल्या मुठी बघा.

मामाला “दुखतंय का?” विचारलं की तो “नाही” म्हणतो, सगळ्यालाच “नाही” म्हणतो. त्या रात्री मामी परत गेली, त्याला चष्मा लावला, यंत्र घातलं. कूस बदलताना तो चादर मुठीत आवळतो हे तिनेच पाहिलं आणि सिस्टरांना सांगितलं. मग वेदनेचं औषध मामाने मागितल्यावर देण्याऐवजी डॉक्टरांनी ते ठरलेल्या वेळी द्यायला सुरुवात केली. काल दुपारी फिजिओथेरपिस्टने त्याला पलंगाच्या कडेला बसवलं, तेव्हा पहिल्यांदाच त्याने हात झटकला नाही.