शून्याची एवढी कसली पूजा?

काल ग्रुपवर परत तेच. बॉक्सर मेवेदर ५०-० (पन्नास जिंकल्या, हरला एकही नाही), महंमद अली पाच वेळा हरला, म्हणजे मेवेदरच मोठा, विषय संपला, आणि खाली अंगठ्यांची रांग. टाकणारा माझा मावसभाऊ, वयाने मोठा, म्हणून "दादा, असं नसतं रे" एवढंच लिहून गप्प बसलो, पण डोक्यातनं जाईना.

ते शून्य कसं तयार होतं ते बघायचं असेल तर इथे इंग्लंडात मँचेस्टरच्या आसपास एखाद्या शनिवारी लेझर सेंटरमधला (गावातल्या क्रीडा हॉलमधला) बॉक्सिंगचा शो बघा. होम कॉर्नरला स्वतःच तिकिटं खपवून आलेला पोरगा, हॉलमध्ये त्याचेच काका-मामा-मित्र, आणि अवे कॉर्नरला जर्नीमन, म्हणजे पोट भरायला लढणारा, बहुतेकदा हरणारा बॉक्सर. चार राउंड, पॉइंट्स रेफ्रीच देणार, ४०-३६ म्हणजे चारही राउंड पोराचे, पोरगा ६-० चा ७-० झाला, सगळे बारकडे. फिक्सिंग नाही हं, जोड्याच तशा लावतात. बर्मिंगहॅमचा पीटर बकली असा ३०० फाइट्स लढला, त्यातल्या २५६ हरला, पुढे वर्ल्ड चॅम्पियन झालेल्या नसीम हमीदसमोरही उभा राहिला, आणि अशा माणसांच्या जिवावर कित्येकांची शून्यं उभी आहेत. तुमच्यापर्यंत फक्त पोस्टर पोचतं.

वरच्या लेव्हलला तरी काय वेगळं? एकेका वजनगटात चार-चार संघटनांचे चार बेल्ट, म्हणजे चार चॅम्पियन, मग दोन चॅम्पियन एकमेकांना टाळत वर्षानुवर्षं आरामात काढू शकतात. मेवेदर-पॅकियाओची बोलणी २००९ पासनं चालू आणि फाइट झाली २०१५ ला, तोवर मार्केझने पॅकियाओला झोपवून (नॉकआउट करून) अडीच वर्षं होत आली होती. आणि पन्नासावा विजय कोणावर, तर एमएमए फायटर मॅकग्रेगरवर, ज्याची ती पहिलीच प्रोफेशनल बॉक्सिंग फाइट! मेवेदर ग्रेट आहेच, कोरालेसला, तरुण कानेलोला ज्या पद्धतीने त्याने खेळवलं ते बघा ना, पण ते सांगायला शून्य कशाला लागतं?

शुगर रे रॉबिन्सन १९४३ मध्ये लमोटाकडून हरला, तीन आठवड्यांत परत त्याच्याच समोर उभा राहिला आणि जिंकला. दोघं एकूण सहा वेळा भिडले, रॉबिन्सनने पाच घेतल्या. १९५१ ला लंडनमध्ये टर्पिनकडून हरला, सप्टेंबरात न्यूयॉर्कला बेल्ट परत. आजचा प्रमोटर असता तर म्हणाला असता, कशाला रिस्क घेतोस बाबा. अलीचं पण तेच, १९७१ चा फ्रेझरकडून झालेला पराभव काढून टाकलात तर पुढे मनिलात त्याने फ्रेझरला हरवलं त्याला काय अर्थ उरतो सांगा.

आणि इथली माणसं बघा. मँचेस्टरचाच बॉक्सर रिकी हॅटन ४३-० असताना २००७ ला मेवेदरने त्याला झोपवलं, तरी त्याच्यावरचं प्रेम तसूभर कमी झालं नाही, २०२५ मध्ये तो गेला तेव्हा मँचेस्टरच्या रस्त्यांवर हजारो लोक उभे होते. (नसीम हरला तेव्हा टवाळी इथेही झालीच, पण ते सोडा.) आपल्याकडे बॉक्सर विजेंदर सिंग १२-० होता तेव्हा ग्रुपवर रोज फोटो, २०२१ ला गोव्यात जहाजावर लोपसानकडून हरला आणि एकदम शुकशुकाट, नंतर कोणी विचारलंही नाही की तो पुढे लढला का. लढला, २०२२ ला रायपूरला, आणि जिंकला.

आता मला हे एवढं का झोंबतं? तर दादा येईल त्या पाहुण्याला सांगतो, "आमचा तिकडे एकदम सेट आहे." म्हणजे मी पण ५०-० च. आणि तो रेकॉर्ड मीच जपलाय. मधे नोकरी गेली तेव्हा घरी बोललो नाही, दुसरी लागल्यावर "कंपनी बदलली" म्हणून कळवलं. इथे ऑफिसात बॉक्सिंगवरनं वाद पेटला की मी नुसती मान डोलावतो, उगाच कशाला म्हणून, आणि तावातावाने भांडायला तुमच्याच ग्रुपवर येतो, तिथे उत्तर मिळतं "तुला काय, तू बाहेर बसून बोलतोस". बरोबर आहे, बाहेरच बसलोय, पण इथल्यांच्या तरी कुठे आत आहे.

दादा हे वाचून चिडणार. चिडू दे, फोनवर भांडू, निदान "सेट आहे" सोडून दुसरं काहीतरी बोलणं होईल.